कला महाविद्यालयातील स्टुडिओचे काम: विषय हाती आल्यापासून ज्युरीपर्यंतचा क्रम

रावेर, यावल, शहादा, साक्री अशा तालुक्यांतून जळगाव, धुळे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईच्या कला महाविद्यालयांत दाखल झालेले विद्यार्थी पहिल्या वर्षी जिथे अडतात, ती जागा हाताच्या कौशल्याची नसते. हात चांगला असतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा बहुतेकांनी चांगल्या श्रेणीत पार केलेल्या असतात. मात्र त्या परीक्षांत विषय, कागद आणि वेळ एकाच बैठकीत मिळतात आणि त्याच बैठकीत चित्र पूर्ण करून द्यायचे असते. त्यामुळे विषय कळताच मोठा कागद बोर्डाला लावायचा आणि थेट शेवटचे चित्र सुरू करायचे, ही सवय अंगात मुरलेली असते. महाविद्यालयात एका विषयाला दोन-दोन आठवडे मिळतात आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडून त्यावर बोलण्याच्या वेळी, परीक्षक शेवटच्या शीटबरोबर तिच्यामागचे सगळे काम पाहतात. ज्याने पहिल्या संध्याकाळीच फायनल शीट सुरू केली, त्याच्याकडे दाखवायला मागचे काही उरत नाही आणि चूक लक्षात आली तरी मागे फिरायला जागा नसते.

हा लेख त्या एका सवयीला पर्याय देण्यासाठी आहे. प्रवेशपरीक्षा, महाविद्यालयाची निवड आणि शाखांची तुलना हे विषय येथे घेतलेले नाहीत. उदाहरण म्हणून पहिल्या वर्षी या ना त्या रूपात हमखास समोर येणारे एक काम घेतले आहे: ‘परिसरातील एका वनस्पतीचा अभ्यास करून त्यावर आधारित संकल्पचित्र तयार करा, माप १२ × १२ इंच, माध्यम पोस्टर कलर, चार सपाट रंगछटा, मुदत १४ दिवस.’ संकल्पचित्र म्हणजे पाहिलेल्या वस्तूतले निवडक आकार घेऊन केलेली मांडणी. वनस्पती म्हणून केळ घेतली आहे, कारण तापीकाठच्या विद्यार्थ्याला ती बांधावर पाऊल टाकताच भेटते. ज्याच्या शेतात कापूस आहे, त्याने पऱ्हाटीवरचे उमललेले बोंड घ्यावे. क्रम तोच राहील.

टप्पा १: दिवसांची वाटणी

विषय मिळाला त्या दिवशी रंगाचा डबा उघडू नये. त्या दिवशी १४ दिवसांची वाटणी कागदावर लिहावी. मी विद्यार्थ्यांना जी वाटणी सुचवतो ती अशी: प्रत्यक्ष पाहून अभ्यास ३ दिवस, रफ (मांडणीचे लहान कच्चे आराखडे) ४ दिवस, रंगचाचणी १ दिवस, फायनल ४ दिवस, माउंट (काम जाड बोर्डावर बसवणे) १ दिवस, आणि शेवटचा १ दिवस पूर्ण मोकळा. पाहणे आणि रफ यांना निम्मा वेळ जातो हे पाहून पालकच नव्हे, विद्यार्थीही घाबरतात. परंतु रफ नीट झाले असतील तर फायनलला चार दिवस पुरतात आणि ते झाले नसतील तर दहा दिवसही अपुरे पडतात. मोकळा दिवस हा आळसाचा दिवस समजू नये. वीज जाणे, एसटी चुकणे, वाळलेला रंग वेगळाच दिसणे यांपैकी काहीतरी एक होतेच, आणि त्याची भरपाई त्या दिवसात होते.

टप्पा २: विषयपत्रक वाचणे

विषयपत्रक दोनदा वाचून त्यातील प्रत्येक अट वेगळ्या ओळीत उतरवून घ्यावी आणि ज्या अटीचे दोन अर्थ निघतात ती दुसऱ्याच दिवशी शिक्षकांना विचारावी. आपल्या उदाहरणात असे चार प्रश्न आहेत. कागदाचा पांढरा भाग ही चारांपैकी एक छटा धरायची का? काळा आणि पांढरा मोजायचा का? १२ इंचांत समास धरलेला आहे की तो बाहेर सोडायचा आहे? रफ आणि अभ्यासचित्रे जमा करायची आहेत का, आणि असल्यास कशी? ‘विचारले तर सर काय म्हणतील’ या संकोचाने खेड्यातून आलेली मुले गप्प राहतात. याच संकोचापायी पाच रंगांत झालेली उत्तम कामे अटीबाहेर गेलेली मी पाहिली आहेत. उत्तर मिळाले की ते तारखेसह स्केचबुकात लिहून ठेवावे.

*तपासणी: विषयपत्रक बाजूला ठेवून सर्व अटी तोंडी सांगता येतात का? एकही सुटली तर पुन्हा वाचावे.*

टप्पा ३: साहित्य आणि जागा

तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात पोस्टर कलर मिळतात, परंतु जाड कागद, चांगले सपाट ब्रश आणि माउंट बोर्ड बहुधा मिळत नाहीत, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी एकदाच जाऊन सत्रभराचा साठा आणणे सोयीचे पडते. कागद घेताना एकाच गठ्ठ्यातल्या आठ-दहा शीट घ्याव्यात. चाचणी एका कागदावर आणि फायनल दुसऱ्या प्रतीच्या कागदावर केल्यास रंग वेगळा बसतो. पातळ कार्ट्रिज कागदावर सपाट रंगाचा मोठा भाग भरला की तो लाटांसारखा उठतो. म्हणून ३०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) आसपासचा कागद घ्यावा, किंवा पातळ कागद आधी ताणून घ्यावा. ताणण्यासाठी कागद पाण्याने दोन्ही बाजूंनी भिजवावा, बोर्डावर सरळ पसरावा, चारही कडा गोंदाच्या तपकिरी कागदी पट्टीने चिकटवाव्यात आणि बोर्ड आडवा ठेवून सावलीत वाळू द्यावा; काम पूर्ण होईपर्यंत पट्टी काढू नये. ओल्या कागदावर मास्किंग टेप धरत नाही, हे लक्षात ठेवावे.

बाकी साहित्य थोडकेच लागते: २बी, ४बी आणि ६बी पेन्सिली, कटर, स्टीलची पट्टी, ट्रेसिंग पेपर, १ आणि ३ नंबरचे गोल ब्रश, अर्धा इंची आणि एक इंची सपाट ब्रश, पाण्याची दोन भांडी, सुती फडके आणि झाकणाच्या चार लहान डब्या. पाण्याची भांडी दोन असावीत, कारण एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातले स्वच्छ पाणी रंगात घालायचे असते.

जागा उत्तरेकडच्या खिडकीजवळ निवडावी. तेथे थेट ऊन येत नाही आणि दिवसभर प्रकाश फारसा बदलत नाही. पिवळ्या बल्बखाली मिसळलेला रंग सकाळी दुसराच दिसतो, त्यामुळे रात्री रेघांचे, मापाचे आणि कापण्याचे काम करावे. रंग मिसळण्याचे काम दिवसासाठी राखावे.

टप्पा ४: प्रत्यक्ष पाहून अभ्यास

येथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून येथे थांबून सांगणे भाग आहे. केळीच्या बागांत वाढलेल्या मुलाला केळ ठाऊक असते, आणि तेवढ्यामुळेच तो तिच्याकडे न पाहता तिचे चित्र काढतो. अशा चित्रात पानाला हव्या त्या जागी चिरा असतात, खोड एका नळकांड्यासारखे असते आणि केळी घडात कशाही लोंबत असतात. प्रत्यक्षात केळीच्या पानातील शिरा मधल्या जाड शिरेपासून काठाकडे एकमेकींना समांतर जातात आणि वाऱ्याने पान फाटते ते याच शिरांच्या दिशेने. म्हणून फाटलेल्या पानाच्याही पट्ट्या समांतर दिसतात. नवे पान सुरळीसारखे गुंडाळलेले बाहेर येते आणि मग उलगडते. घड खाली लोंबतो, परंतु फणीतली केळी वाढताना वरच्या बाजूला वळतात. खोड म्हणून जे दिसते ते एकमेकांवर चढलेल्या पानांच्या देठांचे असते, आणि ते आडवे कापले तर वर्तुळाकार थर व त्या थरांत हवेच्या लहान लहान कोठड्या दिसतात. केळफुलाची जांभळट आवरणे एकामागून एक उघडतात आणि प्रत्येक आवरणाखाली फुलांची ओळ असते. यातील एकेक गोष्ट स्वतंत्र संकल्पचित्र देऊ शकते, आणि ती शेतात उभे राहिल्याशिवाय सापडत नाही.

पुढील क्रमाने तीन दिवसांत निदान सहा अभ्यासचित्रे करावीत.

१. पूर्ण झाड, प्रमाणासह. हात कोपरात न वाकवता पेन्सिल डोळ्यांसमोर उभी धरावी, एक डोळा मिटावा आणि एका पानाची लांबी पेन्सिलीवर अंगठ्याने मोजून ती खोडात किती वेळा बसते ते पाहावे. हात वाकला की माप बदलते. मोजताना जागा सोडू नये.

२. फाटलेल्या पानाचा एक हातभर भाग, शिरांच्या दिशेसह.

३. उलगडणाऱ्या पानाची सुरळी, किमान दोन बाजूंनी.

४. खोडाचा आडवा छेद. घड उतरवल्यानंतर कापलेली खोडे बागेत पडलेली असतात. शेतमालकाला विचारून ताजा काप घ्यावा. छेद तिरपा ठेवला तर तो लंबवर्तुळासारखा दिसतो, आणि डोळ्यांच्या पातळीजवळ आणावा तसतसे ते लंबवर्तुळ चपटे होत जाते. एक चित्र वरून पाहून आणि एक तिरपे पाहून काढावे.

५. एक फणी, केळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागांसह. आधी त्या रिकाम्या जागांचे आकार काढावेत. केळ्यांचे आकार आपोआप बरोबर येतात.

६. केळफूल, छायाप्रकाशासह. डोळे किलकिले करून पाहिले की बारीकसारीक तपशील विरतो आणि उजेड व अंधार यांचे तीन-चार मोठे भाग उरतात. तेच आधी भरावेत. एका बाजूने येणारा प्रकाश आकाराला कसा उठाव देतो हे समजत नसेल, तर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या कलादालनात एक दुपार घालवावी. त्यांच्या टेबलटॉप, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेल्या, छायाचित्रांत वस्तू साध्या आहेत. सारे काम प्रकाश कोठून सोडला आहे यावर उभे आहे.

प्रत्येक चित्राखाली दोन-तीन ओळींत काय दिसले ते लिहावे. ‘सुंदर पान’ असे लिहून उपयोग नाही; ‘काठाजवळ शिरा किंचित वर वळतात’ असे लिहिले तर रफ करताना ते कामी येते.

मोबाइलवर फोटो जरूर काढावेत, परंतु ते अभ्यासचित्र झाल्यावर. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगलेला आणि मागचा लहान दिसतो, आणि त्यावरून काढलेल्या चित्रातही तो दोष उतरतो. एप्रिल-मेमध्ये काम असेल तर सकाळी सहा ते नऊ या वेळेत शेतात जावे. दुपारी पारा ४५ अंशांकडे जातो, घामाने कागद ओला होतो आणि मनही पाहण्यात राहत नाही. हाताखाली एक कोरा कागद कायम ठेवावा.

सावधान: केळीचा चीक कपड्यांवर आणि कागदावर पडला की काळपट तपकिरी डाग राहतो आणि तो निघत नाही. काप घेतल्यावर तो वर्तमानपत्रावर ठेवून निथळू द्यावा, हात धुवावेत, मगच स्केचबुक हातात घ्यावे.

टप्पा ५: रफ

रफ म्हणजे फायनलची छोटी प्रत, हा गैरसमज आधी काढावा. रफ हा निवडीसाठी असतो, आणि निवड करायची तर पर्याय भरपूर हवेत. स्केचबुकात २ × २ इंचांचे ३० चौकोन आखावेत. हे सर्व चौकोन भरेपर्यंत खोडरबर वापरू नये आणि इंटरनेटवरची तयार संकल्पचित्रेही पाहू नयेत. पाहण्याला माझा विरोध नाही. परंतु स्वतःचे काही कागदावर येण्याआधी दुसऱ्याचे पाहिले की हात त्याच वळणाने जातो, आणि हे विद्यार्थ्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही.

पहिल्या दहा चौकोनांत जे येते ते वर्गातील प्रत्येकाच्या पहिल्या दहा चौकोनांत आलेले असते: मध्यभागी झाड, झाडाला घड, मागे सूर्य. ते येऊ द्यावे आणि पुढे जावे. अकराव्या चौकोनापासून स्वतःवर एकेक बंधन घालावे. पाच चौकोनांत फक्त खोडाच्या छेदाचे थर वापरावेत. पाच चौकोनांत पानाच्या समांतर पट्ट्या घेऊन त्यांची रुंदी कमी-जास्त करावी. पाच चौकोनांत आकार चौकटीबाहेर जाऊ द्यावा, म्हणजे त्याचा काही भागच दिसेल. उरलेल्या पाचांत एकच आकार फिरवून, उलटा करून, पुन्हा पुन्हा मांडावा. या बंधनांमुळे निसर्गातल्या वस्तूचे चित्र आणि तिच्यावर आधारलेले संकल्पचित्र यांतला फरक हाताला कळतो: चित्रात जे दिसते ते सगळे येऊ शकते, संकल्पचित्रात काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवावेच लागते.

सर्व चौकोन भरल्यावर स्केचबुक उभे करून सात-आठ फुटांवरून पाहावे. लांबून जे वाचता येतात तेच टिकतात. त्यांतून तीन निवडून प्रत्येकाची ६ × ६ इंचांची आवृत्ती पांढरा, काळा आणि दोन करडे अशा चार पातळ्यांत करावी. रंग येथे आणू नये. चार छटांची मांडणी करड्यात उभी राहत नसेल, तर रंगातही ती उभी राहणार नाही.

करेक्शन, म्हणजे शिक्षकांना काम दाखवून सुधारणा विचारून घेण्याची वेळ हीच आहे. तीनही आवृत्त्या, सर्व चौकोन आणि अभ्यासचित्रे एकत्र घेऊन शिक्षकांकडे जावे. फायनल अर्धी झाल्यावर करेक्शनला गेलेल्या विद्यार्थ्याला शिक्षक काय सांगू शकतात? मूळ मांडणी चुकली असली तरी ते फार तर रंग थोडा गडद करायला सांगतील.

*तपासणी: निवडलेला रफ उलटा धरून पाहावा. एक बाजू जड वाटली किंवा डोळा एकाच कोपऱ्यात अडकला, तर वजन कोठे हलवायचे ते उलट्या चित्रात लवकर कळते.*

टप्पा ६: पूर्ण मापाची रेषा आणि कागदावर उतरवणे

निवडलेला रफ साध्या कागदावर १२ × १२ इंचांत वाढवावा. ६ इंचांच्या चौकोनावर एक-एक इंचाची आणि मोठ्यावर दोन-दोन इंचांची जाळी आखली की वाढवणे सोपे जाते. परंतु वाढवल्यावर काही जागा मोकळ्या आणि ओक्याबोक्या वाटू लागतात. त्या येथेच दुरुस्त कराव्यात. खोडणे, पुन्हा काढणे, चिकटवणे हे सर्व या साध्या कागदावर करून घ्यावे, म्हणजे चांगला कागद कोरा आणि गुळगुळीत राहतो. खोडरबराने घासलेल्या कागदावर सपाट रंग डागाळतो.

नंतर रेषा ट्रेसिंग पेपरवर घ्यावी, मागच्या बाजूने २बी पेन्सिल घासावी, जास्तीची भुकटी कापसाने पुसावी आणि कठीण टोकाने रेषा चांगल्या कागदावर उतरवावी. कार्बन पेपर वापरू नये. त्यातील तेलकट अंश रंगाला धरू देत नाही आणि फिकट छटेखालून त्याची रेघ दिसत राहते.

टप्पा ७: रंगचाचणी आणि रंगकाम

चारही छटा फायनलच्याच कागदाच्या तुकड्यावर लावून, पूर्ण वाळवून, दिवसाच्या उजेडात शेजारी शेजारी पाहाव्यात. पोस्टर कलर वाळताना बदलतो: फिकट छटा सहसा किंचित गडद होते आणि गडद छटा किंचित फिकी पडते. ओल्या रंगावर विश्वास ठेवून केलेले काम दुसऱ्या दिवशी निराश करते. छटा पसंत पडली की तिचे प्रमाण तुकड्यावरच लिहून ठेवावे. ‘क्रोम यलो चार भाग, व्हर्मिलियन एक, पांढरा एक’ एवढे पुरे.

रंग पूर्ण कामाला पुरून उरेल इतका एकदाच मिसळावा आणि झाकणाच्या डबीत ठेवावा. अर्ध्यावर रंग संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही; जोडाची जागा कायम दिसते. दाटपणा पातळ पिठल्याइतका असावा, ब्रश उचलला की रंग सलग ओघळावा. यापेक्षा घट्ट रंग वाळल्यावर तडकतो आणि पातळ रंगाखालचा कागद दिसतो.

रंगवण्याचा क्रम असा ठेवावा.

१. सर्वांत फिकी छटा आधी आणि सर्वांत गडद शेवटी भरावी. पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतो. गडद भागावर फिकी छटा चढवली की खालचा रंग वर येऊन ती मळते.

२. प्रत्येक आकाराची कड आधी गोल ब्रशने बांधावी आणि कड ओली असतानाच आतला भाग सपाट ब्रशने भरावा. कड वाळू दिली तर तिची चौकट दिसते.

३. मोठा भाग आधी आडव्या फटकाऱ्यांनी भरावा आणि ओला असतानाच हलक्या उभ्या फटकाऱ्यांनी एकसारखा करावा. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा ब्रश लावू नये, तेथील थर उचलला जातो. पूर्ण वाळल्यावर दुसरा हात द्यावा.

४. गडद छटा शेजारच्या फिक्या भागावर केसभर चढू द्यावी, म्हणजे दोहोंमध्ये कागदाची पांढरी फट राहत नाही.

खान्देशातील उन्हाळ्याचा विचार येथे वेगळा करावा लागतो. कोरड्या हवेत ब्रश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाईपर्यंत पहिले टोक वाळलेले असते. म्हणून मोठे सपाट भाग सकाळी लवकर करावेत, ब्रश नेहमीपेक्षा एक माप मोठा घ्यावा आणि रंग भरत असताना पंखा बंद ठेवावा. कूलरसमोर बसू नये; त्याच्या हवेबरोबर आलेला पाण्याचा एक थेंब सपाट भागावर कायमचा डाग ठेवतो. नाशिक किंवा मुंबईला पावसाळ्यात काम करताना याच्या उलट अडचण येते. रंग तासभर ओलसर राहतो, आणि खान्देशच्या सवयीने लगेच दुसरा हात दिला की पहिला थर सुटतो. गाव बदलले की वाळण्याचा वेळ पुन्हा एकदा तुकड्यावर मोजून घ्यावा.

सावधान: पुढे तैलरंग सुरू होतील तेव्हा जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळा करून ठेवलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. पत्र्याच्या छपराखालच्या तापलेल्या खोलीत हा धोका वाढतो. फडके पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावे.

टप्पा ८: अक्षरे असतील तर

शीर्षक किंवा घोषवाक्य देवनागरीत लिहायचे असेल, तर मापाच्या रेषा आखताना शिरोरेषा आणि पाया एवढ्याच दोन रेषा आखून चालत नाही. वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात, उकार व ऋकार पायाखाली येतात. त्यांच्यासाठी वर आणि खाली एकेक रेषा आधीच आखावी. रोमन अक्षरांच्या सवयीने दोन रेषांत शब्द बसवला की ‘कीर्ती’सारख्या शब्दाचा माथा चौकटीत कापला जातो. अक्षरांमधले अंतर पट्टीने सारखे मोजू नये, डोळ्याने सारखे दिसेल असे ठेवावे. ‘ग’, ‘श’ यांसारख्या सुट्या काना असलेल्या अक्षरांच्या पोटात आधीच मोकळी जागा असते.

टप्पा ९: माउंट, वाहतूक आणि छायाचित्र

माउंटला तिन्ही बाजूंनी अडीच इंच आणि खाली तीन इंच समास ठेवला की काम खाली घसरल्यासारखे दिसत नाही. बोर्ड कापताना स्टीलची पट्टी ठेवायच्या भागावर धरावी, म्हणजे कटर घसरला तर तो वाया जाणाऱ्या भागावर जातो. एका जोरात कापण्याऐवजी तीन-चार हलक्या ओढी द्याव्यात आणि पाते नवे असावे. पाणी असलेला पांढरा गोंद पूर्ण पाठीला लावू नये, कागद फुगतो. वरच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पुरेशी होते.

पोस्टर कलरचे काम गुंडाळू नये. पहिल्या वर्षी मी तीन शीट गुंडाळून, नळीत घालून, चोपड्याहून नाशिकला एसटीने नेल्या होत्या. उलगडल्या तेव्हा गडद रंगाच्या भागांवर उभ्या भेगा गेल्या होत्या आणि सबमिशनला तीन तास उरले होते. काम दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवावे, पृष्ठभागावर ट्रेसिंग पेपर घालावा, बाहेरून प्लास्टिक बांधावे आणि शक्यतो गर्दीची गाडी टाळावी.

जमा करण्यापूर्वी छायाचित्र काढावे, कारण काम परत मिळेलच असे नाही आणि पुढे पोर्टफोलिओसाठी ते लागते. शीट भिंतीला टेकवून सावलीतल्या मोकळ्या उजेडात ठेवावी, कॅमेरा तिच्या मध्यासमोर समांतर धरावा आणि फ्लॅश बंद ठेवावा. रफ आणि अभ्यासचित्रांचीही छायाचित्रे त्याच वेळी काढावीत.

*तपासणी: पाठीमागे नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, विषय आणि दिनांक लिहिला आहे का? समोरच्या बाजूला सही करायची का, हे विषयपत्रकात पाहावे.*

टप्पा १०: ज्युरी

मांडणी ज्या क्रमाने काम झाले त्याच क्रमाने करावी: अभ्यासचित्रे डावीकडे, नंतर ३० चौकोन, करड्यातील तीन आवृत्त्या, रंगाचे तुकडे आणि शेवटी फायनल. परीक्षक डावीकडून उजवीकडे चालत येतात आणि निम्मे प्रश्न त्यांना विचारावेच लागत नाहीत.

बोलण्यासाठी तीन वाक्ये आधी लिहून, मोठ्याने म्हणून पाहावीत. पहिले, काय पाहिले. दुसरे, त्यातील काय ठेवले आणि काय सोडले. तिसरे, कोठे अडचण आली आणि ती कशी सोडवली. घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी शब्द आठवत नाहीत म्हणून ती ज्युरीत अबोल होतात, आणि हे पाहताना मला फार वाईट वाटते, कारण त्यांच्याइतके बारीक पाहिलेले वर्गात दुसऱ्या कोणाचे नसते. ‘खोडाच्या छेदातल्या कोठड्या बाहेरच्या थरात मोठ्या आणि आत लहान दिसल्या, म्हणून मी कडेचे आकार मोठे ठेवले’ हे मराठीतले वाक्य कोणत्याही परीक्षकाला पुरेसे आहे. शब्द अडला तर अभ्यासचित्रावर बोट ठेवावे.

टीका झाली तर त्या वेळी समर्थन करत बसू नये. ती ऐकून घ्यावी आणि न कळल्यास ‘हे कोणत्या भागाविषयी आहे?’ एवढेच विचारावे. त्याच संध्याकाळी प्रत्येक अभिप्राय स्केचबुकात, संबंधित रफच्या शेजारी, दिनांकासह लिहावा. दुसऱ्या दिवशी पुढचा विषय मिळेल, तेव्हा त्याच्या दिवसांची वाटणी करण्याआधी ते पान उघडावे.